प्रश्न क्रमांक अकरा

धायरी फाट्यावर बसमधून उतरते साडेदहाला.
टॅबलेटचा पडदा उन्हात काळा दिसतो,
ओढणीच्या सावलीत धरून वाचावा लागतो.
एका घराचे पंचेचाळीस रुपये.
दार उघडलं नाही, तर शून्य.

हवामान बदलाची तुम्हाला किती काळजी वाटते?
खूप. थोडी. अजिबात नाही. सांगता येत नाही.

खरवंडीकर काका म्हणाले, खूप.
नाही, थांबा, अतिशय लिहा.
अतिशय असा पर्याय नाही, मी म्हटलं.
मग ध्रुवावरचा बर्फ, खडकवासल्याची पातळी,
सोसायटीच्या सभेत सोलरचा ठराव
त्यांनीच कसा तीनदा मांडला
आणि तिन्ही वेळा कोरमच कसा भरला नाही.
खोली छान गार होती. अठरावर.
उठायला मीच का कू करत होते, हेही खरं.

खाली जिन्याजवळ परदेशी इस्त्रीवाला.
"काळजी? अजिबात नाही, लिहा.
काळजी करत बसलो तर कपडे कोण देणार?"
सवयींत बदल? होय की नाही?
"नाही."
बोलता बोलता निघालं
की हल्ली तो पहाटे तीनला टेबल लावतो,
अकराला निखारे विझवतो,
दुपारभर टेबलाखालीच आडवा होतो
ओलं पोतं पोटावर घेऊन.
मग हा बदल नाही का?
"हा कसला बदल, ताई. ही ड्युटी."
माझं बोट 'होय'वर गेलं, 'नाही'वर गेलं,
मध्येच पडदा विझला.

तांबोळी भाभींच्या गॅलरीत
वरच्यांच्या एसीची नळी, नळीखाली बादली.
त्या पाण्यावर कढीपत्ता, गवती चहा,
टँकर बुडाला त्या दिवशी संडासही.
"त्यांनी एसी बंद केला तर माझ्या कढीपत्त्याचं काय?"
हसल्या. हसू अर्ध्यावर ठेवून म्हणाल्या,
"रात्री गरम वाफ पण त्याचीच येते, खिडकीतून."
पाण्याचा पुनर्वापर: होय.
प्रेरणा कुठून मिळाली?
जाहिरात, शाळा, शेजारी, इतर.
इतर म्हणजे काय, ते लिहा.
लिहिलं: ठिबकत होतं.

सुपरवायझरचा फोन.
"तुमच्याकडे 'सांगता येत नाही' फार येतंय, मंजिरीताई.
जरा खोदून विचारा की."

खोदून विचारायचं तर पहिला नंबर माझाच.
स्कूटर विकली, ती हप्ते थकले म्हणून.
फॉर्म म्हणेल, सार्वजनिक वाहतुकीकडे वळली.
आत्ता साधी बस आली, ती सोडली,
मागून विजेची येते, गारेगार,
सात मिनिटांत, असं मोबाईल म्हणतो.
वीस झाली.

स्टॉपचं छप्पर रस्तारुंदीत गेलंय.
उरलाय एक जाहिरातीचा खांब,
त्याची सावली वीतभर रुंद, लांबलचक.
त्या सावलीत अकरा माणसं
एकामागे एक, प्रार्थनेला उभी असावीत तशी.
सावली सरकते तसे सगळे
अर्धं पाऊल डावीकडे.
कुणी कुणाला सांगत नाही.
पुढचे आजोबा मागे न बघता जरा आत झाले,
माझ्या खांद्यापुरती जागा झाली.

मी टॅबलेट पिशवीत टाकला
आणि रांगेबरोबर सरकले.