शनिवारची कारणं

आधी पाठ धरलीय म्हणालो. मग सर्दी.
मग बोटीवर जादा पाळी.
चौथ्या शनिवारी थोरल्यानं, आउलिसनं,
सौनाच्या चुलीसाठी माझ्या वाटणीची लाकडं
बाजूला रचून ठेवली. विचारलं काहीच नाही.

आमच्या केमीत उघड्या अंगाकडं कोणी बघत नाही.
बाप, भाऊ, शेजारी, पाद्री
एकाच फळीवर घाम गाळत बसतात.
लाजेला इथं खुंटीच नाही
असं समजत होतो मी,
बेचाळीस वर्षं.

चार होत्या. मग सात.
फुलकोबीचा तुरा नखाएवढा करावा, तशा.
दुखत नाहीत, खुपत नाहीत,
नुसत्या असतात.
दारात चपला दिसाव्यात
आणि पाहुणा कुठल्या खोलीत आहे
ते कळू नये.

रेट्टाला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती.
सुरी थांबली नाही. साल मात्र
जाड निघायला लागली.
"कोण?" तिनं विचारलं.
मीही तेच विचारणार होतो.

दवाखान्यात नर्स हिल्क्का. साठीची, चष्मा दोरीला.
आम्ही हवामानाचा कागद बघतो तसं तिनं बघितलं.
"चामखीळ. एचपीव्हीची. अंगाला अंग लागलं की येतो,
बहुतेकांना कधी ना कधी येऊन जातो,
कळतही नाही."
कधी आला?
"महिन्यांपूर्वी. लग्नाआधीही असेल.
त्याच्यावर तारखेचा शिक्का नसतो."
कोणाकडून?
तिनं चष्मा खाली सोडला.
"पंचवीस वर्षं ऐकतेय हा प्रश्न.
खात्रीचं उत्तर घेऊन घरी गेलेला
एकही माणूस पाहिला नाही."
तिसरा प्रश्न माझ्या घशातच होता, तिनं तो ओळखला.
"कर्करोग करणारे ह्याचे भाऊबंद वेगळे.
बायकोची तपासणी वेळेवर होऊ दे,
सगळ्या बायकांची व्हावी तशीच."

मग थर्मास उघडला.
द्रवरूप नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव.
मला हसूच आलं.
आयुष्यभर थंडीत राबलो,
आणि औषध काय, तर थंडी.
आधी टोचलं, मग काहीच नाही,
मग घरी जाताना गाडीत
विस्तवावर बसल्यासारखं.

तीन आठवड्यांनी पाच गळाल्या.
दोन नव्या आल्या.

बर्फ फोडणं हा माझा धंदा.
फेब्रुवारीत बोट वाट फोडत जाते,
मागं वळून बघावं तर
पाण्यावर कडेकडेनं साय धरलेली.
कोणी समुद्रावर रुसत नाही.
दुसऱ्या दिवशी परत जायचं.
हिल्क्कालाही हेच म्हणायचं होतं, तिच्या भाषेत:
"आम्ही वरचं काढतो.
विषाणूला तुमचं अंगच हुसकावेल,
सावकाश. वर्ष, दोन वर्षं."

आता मलम. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं.
एक दिवस पाहिलं तर फ्रिजवरच्या कॅलेंडरात
सोमवार, बुधवार, शुक्रवार
बारीक फुल्या,
दातांच्या डॉक्टरच्या शेजारी,
रेट्टाच्या पेन्सिलीनं.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.
बोलण्यासारखं ते तेवढंच होतं.

धाकट्या ओइवाच्या शाळेतून लशीचा कागद आला.
मुलींना, मुलग्यांनाही.
"कशासाठी?"
"चामखीळ येऊ नये म्हणून. आणि मोठेपणी कर्करोग."
"हाताला?"
रेट्टानं माझ्याकडं बघितलं,
कितीतरी दिवसांनी, हसू दाबून.
"कुठंही," ती म्हणाली, आणि सही केली.

फळीवरून पसरतं का, हेही विचारून आलो होतो.
"त्याची धास्ती नको," हिल्क्का म्हणाली. "खाली टॉवेल घ्या.
तो तुम्ही घेताच."

माझ्या वाटणीच्या लाकडांचा ढीग
कमरेएवढा झाला होता.
आउलिस सरकून बसला.
"पाठ?"
"पाठीला काही झालंच नव्हतं."
त्यानं डावलाभर पाणी दगडांवर टाकलं.
आवाज शांत होईपर्यंत थांबला.
मग म्हणाला, "सांग."