हक्क आणि वस्तू

नेस्टर प्रोकोप्चुक बुटाच्या खोक्यात वर्ष घेऊन यायचा.
फेब्रुवारीत, बाहेर उणे एकतीस,
त्याच्या टोपीवरचा बर्फाचा भुगा माझ्या टेबलावर वितळायचा
आणि डिझेलच्या पावतीची शाई फुटायची.
"बघ," म्हणायचा, "कुठे चुकलो ते."
चुकलेला नसायचा.
फक्त खताच्या बिलांत एक पावती भलतीच असायची,
कधी पाय आणि कॉफीची, कधी बायकोच्या चष्म्याची.
मी शोधते की नाही ते बघायला, दरवर्षी.

एकोणीस वर्षं मी त्याचं उत्पन्न पुढे ढकललं.
यात गुन्हा नाही. सस्कॅचवानात सगळेच ढकलतात.
गहू ऑक्टोबरात एलेव्हेटरवर घालायचा,
चेक मागायचा जानेवारीचा.
पीक यंदाचं, पैसा पुढच्या सालचा,
कर त्याच्याही पुढच्या वसंतात.
एक अख्खं साल असं कायम आमच्याकडे उसनं असायचं
आणि आम्ही दोघं खूश,
शाळा बुडवलेल्या पोरांसारखे.

नऊ नोव्हेंबरला गेला.
कम्बाईन शेडमध्ये होतं, चावी खिळ्याला.

कायदा म्हणतो, मेलेल्या माणसाची दोन पत्रकं भरता येतात.
एक, जे हाती आलं त्याचं.
दुसरं, जे त्याचं होतं पण अजून यायचं होतं:
न वटलेले चेक, कणगीतलं धान्य.
या दुसऱ्याचं नाव हक्क आणि वस्तू.
त्याला करमुक्त मर्यादाही वेगळी, पहिल्याइतकीच, पूर्ण.
जणू एक माणूस जगून झाला
आणि एक अजून वाटेत आहे.
कितीतरी विधवांना मी हे समजावलंय,
पेनाचं टोपण चावत, घड्याळाकडे बघत.

स्टेफाने कणग्या दाखवल्या. पत्र्याच्या, गोल,
वाऱ्याकडे पाठ करून उभ्या.
मोजायची रीत अशी:
हातोडीच्या दांड्याने खालून वर ठोकत जायचं.
खाली आवाज बद्द.
मग एका रिंगेपाशी तो एकदम मोकळा होतो.
तिथे बोट ठेवायचं. तिथवर गहू.
पुढे व्यास, उंची, आणि वर साचलेला शंकू,
जो मला कधीच जमला नाही.
नेस्टरला ते ठाऊक होतं. हसायचा.
"शंकू आला की तुझी पेन्सिल घाबरते."

चार झाल्या. वहीत चारच होत्या.
पाचवी जुनी, चौदा फुटी, गंजलेली.
"ती रिकामी," स्टेफा म्हणाली. "कधीची."
हात होता म्हणून ठोकलं.
बद्द.
आणखी वर. बद्द.
पाच फुटांवर पत्रा बोलायला लागला.

हातमोजे शिडीला चिकटत होते, तरी चढले.
झाकण उघडून टॉर्च मारला.
लाल गहू, कोरडा,
आणि शंकू नाही.
कडेपासून कडेपर्यंत सपाट,
फावड्याच्या पाठीने थोपटून थोपटून,
कोपरे नसलेल्या खोलीचे जणू कोपरेसुद्धा.
सत्तरीचा माणूस आत शिरला होता,
धुळीत, वाकून,
गुणाकार सोपा व्हावा म्हणून.

"काय आहे?" खालून स्टेफा.
मला लगेच बोलता येईना.
मूठभर गहू खिशात घालून उतरले.
आम्ही दोघींनी चार चार दाणे तोंडात टाकले
आणि लहानपणी चघळायचो तसे चघळले,
त्यांचा चिकट गोळा होईपर्यंत.
ती म्हणाली, "हे कुणाला सांगायला लागेल का?"
"लागेल."
"बरं," म्हणाली. "सांग."

गाडीत हीटर लावून लिहिलं.
सात गुणिले सात, पाय, पाच फूट,
पॉइंट आठ.
सहाशे सोळा बुशेल.
पत्रक दुसरं.
समोर, जिथे शेरा लिहायची जागा नसते तिथे,
बारीक अक्षरात: सापडला.
मग खोडलं,
कारण कर खात्याला ते काय कळणार,
आणि खोडलेलं तसंच दिसत राहिलं.