जोडकडी

सहा मशिनी एकदम पळायला लागल्या
की माडीची तक्तपोशी हलायची.
फार नाही, तांब्यातल्या पाण्यात वर्तुळं उठतील इतकीच.
मुली म्हणायच्या, मावशी, माडी नाचते.
खाली इसाकभाईंच्या चिमट्यातून
मनगटी घड्याळाचा स्क्रू उडायचा
आणि छत्रीच्या दांड्याने ते छताला दोनदा ठोकायचे.
मी हात वर करायची. सुया थांबायच्या.
पारोळ्यात आमचं हे असं अकरा वर्षं.

झिपरू मिस्तरी आले ते हातोडी उलटी धरून.
दांड्याने एकेक कडी वाजवत गेले,
कान लावून,
पोरीला स्थळ बघायला आल्यासारखे सावकाश.
"हाई बोलस. हाई बी बोलस.
हाई मुकी व्हई गई."
मुक्या कडीत पटाशी घातली,
ती मुठीपर्यंत गेली, भाकरीत जावी तशी.

मधलं लाकूड सहसा मरत नाही, म्हणाले,
मरतं ते टोक,
भिंतीत तोंड खुपसून बसलेलं,
जिथे मोरीचं पाणी गुपचूप येतं
आणि कुणी विचारत नाही.

पुढच्या कडीला खालून खाच होती, चार बोटं खोल,
अगदी मध्यावर.
नळवाल्याने पाइप न्यायला पाडलेली.
मिस्तरींनी तिच्यात बोटं घालून पाहिली
आणि त्या दिवसातली एकुलती एक शिवी दिली.
पैसे मीच दिले होते त्या नळवाल्याला.
मी चहा टाकायला उठले.

ट्रकवाल्याकडून जॅक आला.
इसाकभाईंनी टेबल सरकवून जागा दिली,
बंद घड्याळं पोत्यात, चालणारी खिशात.
दिवसाला फक्त एक सूत वर.
"घाई करी का भित फाटस."
मी रोज तीन तास उसवत बसायची, कारण शिवता येत नव्हतं.
रात्री जिन्याखाली लाकूड कुरकुरायचं,
झोपेत कूस बदलल्यासारखं.
चौथ्या दिवशी कपाटाचं दार
आपोआप लागलं.
अकरा वर्षं मी ते परकराच्या नाडीने बांधत होते.

जुन्या कड्या काढल्या नाहीत.
कुजलेलं तेवढं कापलं,
शेजारी बंद पडलेल्या जिनिंगच्या छपरातला साग
अंगाला अंग लावून उभा केला.
सामत्याने भोक पाडताना त्यातून सरकीचा वास आला.
बोल्ट एका ओळीत नाहीत, एक वर, एक खाली,
नाहीतर लाकूड त्याच रेषेत चिरतं.
टोकांना डांबर. टोकांखाली अंजनाचे ठोकळे,
ज्यांनी दोन किकऱ्यांची धार घालवली.
आणि भिंतीत बोटभर मोकळी जागा,
"वारा लागू दे तिले."
मी विचारलं, आता जुनीवर भार नाही ना?
ते हसले. म्हणाले, शे ना. तिना पुरता.

फळ्या परत ठोकल्या, फटी बुजवल्या.
संध्याकाळी इसाकभाई जिना चढून वर आले,
पहिल्यांदाच,
गुडघा धरत, हातात चहापत्तीचा डबा.
आत माझी बटणं.
शर्टाची, फ्रॉकची, हूक, दाबबटणं,
एक सोनेरी ब्लेझरचं, ज्याच्यासाठी मी
वैजंताला उगाच रागावले होते.
फटीतून पडत गेलेली, त्यांच्या भिंगासमोर,
आणि त्यांनी वेचून ठेवलेली, वर्षांमागून वर्षं.
आधी का नाही दिली?
"रोज एखादं पडायचं," म्हणाले,
"डबा भरू दे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सहाही मशिनी चालवल्या.
तांब्यातलं पाणी गप्प.
मुलींना करमेना, एकीने मुद्दाम उडी मारून पाहिली.
मी शिवताना मध्येच थांबले, कान देऊन.
खालून काहीच ठोकलं गेलं नाही.
दुपारी एक बटण बोटांतून निसटलं,
फळीवर गोल फिरलं
आणि तिथेच आडवं झालं.