समुद्रसपाटी

झेरॉक्सच्या पुस्तकात दोनशे बारावं पान
अर्धं काळं आलंय.
मूत्रपिंड दिसतं, त्यातून निघालेला बाण दिसतो,
तो पोचतो कुठे, ते शाईने गिळलंय.
मी पेनाने लिहून ठेवलं: हाडात, मज्जेत.
प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड निरोप धाडतं
आणि मज्जा तांबड्या पेशी ओतत सुटते.
एवढं एक मला घोकावं लागलं नाही.
ते आमच्या घरात खाटेवर बसतं,
बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबतं,
निळ्या नखांकडे बघून म्हणतं,
आज गारठा फार आहे, देल्फिना.

पहाटेचे पाच. एल आल्तो.
आईच्या गाड्यामागे पालथी बादली, ती माझी अभ्यासिका.
पातेल्यात जांभळ्या मक्याचं आपी रटरटतंय,
वाफेने पानं मऊ पडतात.
भाऊ मिनीबसच्या दारात लोंबकळत ओरडतो,
सेहा, सेहा, सेहा!
सेहा म्हणजे भुवई. तिच्याखाली
ला पासचे दिवे, रात्रभर न मिटलेले.

गळ्यात, रोहिणीला जिथे फाटा फुटतो,
तांदळाच्या दाण्याएवढा पहारेकरी असतो.
रक्त चाखतो, हवा कमी लागली की बोंब ठोकतो.
(पुस्तकात असं नाही. मी असं लक्षात ठेवते.)
बाबांचा पहारेकरी
एकतीस वर्षं जस्ताच्या खाणीत ओरडला
आणि मग त्याचा डोळा लागला.

लोक राबून राबून रक्ताचं पाणी करतात.
बाबांच्या रक्ताची काकवी झाली.
दवाखान्यात अधूनमधून पिशवीभर काढून घेतात.
पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, कुणाला देणार?
नर्स म्हणाली, कुणालाच नाही, टाकून देतो.
ते घरापर्यंत बोलले नाहीत.
दारात म्हणाले, इतकं लाल होतं.

परवा पेपर. प्रश्न ठरलेला:
निरोगी प्रौढ पुरुषाचं हिमोग्लोबिन किती?
तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात
'समुद्रसपाटीला.'
आमच्या देशाला समुद्र नाही.
होता. दर मार्चमध्ये शाळेत
रांगेत उभं करून त्याची आठवण काढायला लावायचे,
आणि मला वाटायचं, सपाटी म्हणजे आमचंच पठार.

रात्री बाबा म्हणाले, आण, मी विचारतो.
पुस्तक दिव्याजवळ धरलं,
एकेका शब्दावर दम घेत प्रश्न वाचला.
मी पटकन म्हणाले, तेवीस.

त्यांनी बोट फिरवत तक्ता शोधला.
चूक, म्हणाले. आणि हसले,
जांभळ्या ओठांनी, खोकला येईपर्यंत.
तो माझा आकडा, पोरी.
माझा लिहून आलीस तर नापास होशील.

मग मांडीवर पुस्तक, डोळे मिटलेले,
तेच घोकू लागले माझ्यासाठी:
तेरा
ते
सतरा.