कळ

थुयाचं झाड मुळाशी गाठाळतं.
तीच गाठ आम्हाला हवी असते.
खोड तुळयांना, फांद्या हमामच्या भट्टीला,
मूळ आमच्याकडे. करवत लागली
की मिऱ्यासारखा, जरासा कापरासारखा वास
एसाउइराच्या वाऱ्यावर
पार मासेबाजारापर्यंत जातो.

कापणं, खाचा पाडणं, शिंपल्याचे चौकोन बसवणं
पुरुषांचं.
मी घासते.
एकतीस वर्षं. चिंधी, जवसाचं तेल, लाख,
आणि पुन्हा चिंधी.

गुरुवारी कासाब्लांकाहून एकजण आला.
सी अब्देलवाहेद. चांगला कोट,
काखेत पेटी, बाजारातून कोंबडी आणावी तशी.
म्हणाला, आईची आहे. विकायचीय.
ती होती तोवर उघडायची.

मअल्लम बुश्ताने पेटी उलटी केली, तळ हुंगला,
म्हणाला, हा माझ्या चुलत्याचा हात.
मग लिंबाच्या लाकडाची चांदणी
अर्धं बोट डावीकडे.
खालची पट्टी पुढे.
पेटी तिरकी,
आणि सगळ्यांनी गप्प. आत एक गोळी घरंगळते
ती ऐकायची.
खरी मेख तिथेच आहे : गोळी थांबायच्या आत
मागची फळी ओढली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.
कळ सापडेपर्यंत कळ काढावी लागते.
चौथ्या खेपेला किल्ली
स्वतःच्या पायांनी आल्यासारखी
मअल्लमच्या हातात पडली.

आत लाल मखमल. तीन खळगे.
अब्देलवाहेद जरा जास्तच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, माहीत होतं मला.
दुष्काळाच्या वर्षी ओहायोन चांदीवाल्याने
घडणावळ धरली नाही,
नुसतं वजन केलं.
चकचकीत करा, म्हणाला. जुनी दिसली पाहिजे,
पण चकचकीत.

दुपारी सगळे जेवायला गेले.
डाव्या बाजूवर माझी चिंधी
एका जागी बुडाली.
डोळ्यांना दिसणार नाही इतका खोलगटपणा,
अंगठ्याएवढा.
मी माझा ठेवला.
दाबला.

काड्यापेटीएवढा कप्पा बाहेर आला.
मअल्लमलाही तो ठाऊक नव्हता.
रिकामा.

पण त्याच्या सरी बघितल्या मी.
बाकी पेटीच्या कडा अजून बोट कापतील अशा,
आणि या दोन सरी उंबरठ्यासारख्या झिजलेल्या.
रोज एकदा म्हटलं, तर चाळीस वर्षं.
रोज दोनदा, तर वीस.
हुंगलं. लाकूड.
नखाने खरवडलं. लाकूड.
काय उघडत होतीस गं बाई,
खळगे ओस पडल्यावरही?

मी कप्पा सारला. कुणाला बोलले नाही.
पण बाजू सपाट हवी, मअल्लम म्हणाला,
घेणारा हात फिरवून बघतो.
मग थुयाचाच भुसा, गोंदात कालवून,
त्या खळीत भरला.
वाळू दिला. घासला.
तीन हात लाख.
माझ्या कामाला नाव ठेवायला जागा नसते.

सोमवारी तो आला. पेटी मांडीवर घेतली,
पैसे मोजता मोजता
त्याचा डावा अंगठा
कुणी न सांगता तिथे गेला,
लहान मुलाचा जाईल तसा,
आणि थांबला. सरकला. परत आला.
पैसे मोजायचे राहिले.

म्हणाला, इथे काहीतरी होतं ना?

मअल्लमने माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, समुद्राची हवा, सी अब्देलवाहेद.
लाकूड फुगतं.

तो हो म्हणाला. उरलेल्या नोटा मोजल्या,
पेटी काखेत धरली, या वेळी दोन्ही हातांनी,
आणि वाऱ्यात मान घालून
बसथांब्याकडे गेला.

त्या दिवशी आणखी चार पेट्या घासल्या मी.
अंगठ्यात कळ होती.