पिन चोवीस

माळ्यावरून काढला तेव्हा
रबरी बटणांच्या फटीत झुरळांची अंडी होती,
आणि खोक्यावर माझ्याच अक्षरात :
नाजूक. उलटे ठेवू नये.
उलटाच होता.

अठ्ठ्याऐंशी साली, पॉलिटेक्निकला असताना,
मी त्यात एक खेळ लिहिला होता.
एक माणूस, वालदेवी नदी, पात्रात नऊ दगड.
सातव्यावर तो बुडायचा.
कितीही बोटं आपटा, सातव्यावरच.
रात्र रात्र वहीत ओळी तपासल्या,
मग सातपूरला नोकरी लागली, रिले जोडायची,
आणि तो बुडालेला तसाच राहिला.

आता व्हीआरएस. आता वेळच वेळ.
प्रोसेसरची चोवीस नंबरची पिन
अर्थला टेकवली की तो थांबतो,
सोडली की चालतो.
बस्स, एवढंच.
आठ पायांची एक टायमर चिप, एक डायोड,
आणि बाबांच्या रेडिओचा आवाजाचा कान.
कान पिळावा तसा हा सावकाश होत जातो,
हो-थांब, हो-थांब, सेकंदात शेकडो वेळा,
शहाण्या पोरासारखा.

मात्र पूर्ण पिळायचा नाही.
पहिल्या दिवशी मी पिळला आणि चहाला उठलो.
परत आलो तर चित्र जागेवर,
कान सोडला तर नुसता कचरा.
याची आठवण चालता चालताच ताजी राहते.
फार वेळ थांबला की विसरतो.
हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, मी वाचलं नसेल.

गायधनी बाई आल्या त्या मोटारीचं विचारायला,
टाकी भरली का, कोणी बंद केली का.
एकतीस वर्षं त्या प्रेसमध्ये
तिकिटांचे ताव तपासायच्या.
ताव उचलायचा, नजर फिरवायची, बाजूला.
म्हणतात, चूक शोधायची नसते हो,
आपण नीट बसलो की तीच हात वर करते.

बसल्या. मी टेप लावली,
चार मिनिटं ती कर्कश किरकिर, बाई हलल्या नाहीत.
मग कान पिळला, पाऊण.
माणसानं पाय उचलला
गंगापूर धरणावरच्या बगळ्यासारखा,
उचलूनच ठेवला.
त्याच्या उडीचा आवाज, जो जन्मभर एक किंकाळी होता,
तो निघाला सुपारी कातरल्यासारखा :
कट्. कट्. कट्.

सातवा दगड. छपाक.
बाईंनी चष्मा कपाळावर नेला.
"मागे घेता येतं का?"
नाही येत. मागे जायची पिन नाही.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा.
मोटार वर चालूच होती.
चौथ्या खेपेला म्हणाल्या,
"अहो, तुमचा पाय आधी पडतोय.
दगड मागाहून उगवतोय."

छत्तीस वर्षं.
दोन ओळींची अदलाबदल.
मी बटणं दाबली तेव्हा बोटं
माझी वाटत नव्हती, त्या पोराची वाटत होती,
ज्याला मी मनातल्या मनात
मठ्ठ म्हणत आलो.

सातवा. आठवा. नववा.
आणि पुढे काळं.
नुसतं काळं, टीव्हीच्या काचेत आम्ही दोघं
आणि मागे वाळत घातलेला टॉवेल.
पलीकडचा काठ मी कधी काढलाच नव्हता.
कधी गरजच पडली नव्हती.

"मग? तिकडं काय आहे?" बाई म्हणाल्या.
टाकी वाहू लागली होती, गॅलरीतून पाण्याची धार दिसत होती,
त्या उठल्या, दारात चप्पल शोधत होत्या.
मी कानावर बोट ठेवून बसलो आहे.
एक पाय नवव्यावर, एक हवेत.
सोडला तर पडेल,
पूर्ण पिळला तर विसरेल
की आपण कुठून निघालो.