जिन्याखालचा पंप

रात्री तीनला तो आपला आपणच गुरगुरला.
खाली कुणी गेलेलं नव्हतं.
हर्षदा म्हणाली, "पाणी परत येतंय,"
आणि कूस बदलली.

हॅलिफॅक्सची ही गल्ली अशी, की घर उतारावर
आणि ड्रेनेजची मोठी नळी आमच्या डोक्याच्या वर.
म्हणून तळघरातल्या संडासामागे
हा पांढरा डबा लागतो.
आत पातं फिरतं, सगळं बारीक करतं
आणि अंगठ्याएवढ्या पाइपातून
नऊ फूट वर ढकलतं.

सकाळी टॉर्च तोंडात धरून वाकलो.
रबराचा एल्बो जिथे पाइपाला धरतो
तिथे एक थेंब.
बराच वेळ नुसता जाड होत राहिला,
मग पडला. पिवळसर.

प्लंबर गुरुवारशिवाय येणार नव्हता,
आणि नुसतं दारात उभं राहायचे नव्वद पौंड.
त्याच्या व्हॅनवर त्याच्या बापाचं नाव,
सोनेरी अक्षरांत, खाली "अँड सन्स".

गेनू आज्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.
बार्शीच्या नगरपालिकेच्या वहीत एखादा अंगठा असेल.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी,
पहाटेच्या आधी, घरांच्या मागच्या बोळातून.
पाटी गळायची, बाबा एकदाच म्हणाले होते,
कानामागून, मानेवरून.
पुढे बोलले नाहीत. उठून हात धुऊन आले
कोपरापर्यंत. जेवायला अजून वेळ होता.

दुकानात मी हळू आवाजात क्लिप मागितली.
"कशाला हवी?"
"पाण्याच्या पाइपाला."
"कुठल्या पाण्याच्या?"
सांगावं लागलं.
काउंटरमागचा म्हातारा केवढा खूश झाला!
"माझ्याकडेपण आहे तो राक्षस! दोन घे, पोरा,
एकीवर भरवसा नको."
मागच्या बाईचा तर ख्रिसमसच्या दुपारी फुटला होता,
घरात अकरा पाहुणे.
रांगेतलं कुणी माझ्यापासून लांब सरकलं नाही.
मी बघत होतो.

प्लग काढला. टाकीचा कॉक बंद.
खाली ट्रे, ट्रेखाली जुने पेपर.
स्क्रू तीन फेरे सैल झाला आणि चौथ्याला
पाइपात उभं होतं ते सगळं
एकदम खाली आलं,
अर्धं बादलीत, अर्धं माझ्या बाहीत.
शिवी तोंडातून बार्शीची निघाली.
वरून मित्रानं विचारलं, "बाबा, बुडालास का?"
"नाही गं, अजून नाही."

जुनी क्लिप गंजून पापड झालेली.
आतल्या झडपेत केसांची एक बट,
कुणाची ते विचारलं नाही.
पाइपाचं टोक पुसलं, साबणाचं बोट फिरवलं,
रबर सरकवलं पार शेवटपर्यंत,
दोन क्लिपा, स्क्रूची तोंडं एकमेकींकडे पाठ करून.
मनगट थांब म्हणालं तिथे थांबलो.
जास्त आवळलं की रबर कापतं.

मग सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळला
आणि फ्लश.
पाइपावर हात ठेवला होता मी.
आतून जाताना कळत होतं,
वर, अजून वर,
छताजवळच्या वळणावर जरासं अडखळून
पुढे.
बारा सेकंद.
मग गप्प.

टिश्यू कोरडा.

साबण लावून हात धुतले, नीट, एकदा.
पुन्हा नळाकडे गेलेला हात
वाटेतच टॉवेलला पुसला.

रात्री तीनला जाग आलीच.
"झालं ना?" हर्षदा झोपेत म्हणाली.
झालंय, म्हणालो,
आणि तरी अनवाणी जिना उतरलो,
अंधारात चाचपून
तो टिश्यू बघायला.